नल्ल म्हणजे काळी

बाबा, चुका लई होतीन, सांभाळून घ्या. आठवीतून शाळा सुटली तवापासून लिवायचा सराव नाई, आन फोनवर एकाच बोटानं टाइप करून राह्यली. एक ओळ होईस्तोर एक टिप्पर खाली होते.

मी आता बोगद्यावर कामाले हाय. आपल्या शिवाराच्या मांगच्या डोंगरातून कालव्याचं पाणी न्यायचं म्हणून खोदून राह्यले. माझं काम बाहेर. निघालेला माल कुठं टाकायचा ते टिप्परवाल्याईले झेंडीनं दाखवाचं. गोटा क्रशरवर जाते, तोच फुटून पुन्हा बोगद्याच्या काँक्रिटात येते. मुरूम रस्त्याले. आन वरची काळी माती अलग ठेवाची, काम सरलं की वावरात परत पसरवाची. सायेब हे समजावत होते तवा मले हसू आलं. विहिरी खोदताना तुमी हेच करत होते ना. तुमी गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी मुरमाची टोपली काळीवर उपडी केली. तुमी मारलं नाई, निस्तं म्हणले, "आता एकेक खडा येच." मी येचून राह्यली, तुमी बाजूले बसून भाकर खाऊन राह्यले, अर्धी माह्यासाठी ठेवून. मंग म्हणले, "समजलं नाई त इचारावं बाई. इचारल्यानं तोंड झिजत नाई."

पण माझं तोंड उघडतच नाई बाबा. बाजारहत्नूरचे एक टिप्परवाले काका हायत, ते म्हणतेत, आमची झेंडी बोलते, पोरगी नाई बोलत.

सोमवारी सायेबाचा फोन आला. ते तेलुगू, हिंदी तोडकी. म्हणले, "मट्टी आ रही है, नल्ल में डालो." मशीनच्या आवाजात मले नाला ऐकू आला. तेलुगूत नल्ल म्हणजे काळं, ते काळीच्या ढिगाचं सांगत होते, हे मांगून समजलं. म्या काकाले नाल्याकडं झेंडी दाखवली. तीन खेपा काळी नाल्यात गेली, नाला तुंबला, पाणी खालच्या कपाशीत घुसलं. सायेबानं काकाले उद्यापासून येऊ नको म्हणलं. काकानं माझं नावबी नाई घेतलं.

 काल हापिसाच्या दारातून दोनदा परत आली. तिसऱ्यांदा आत जाऊन सांगतलं, झेंडी म्याच दाखवली, मले नाला ऐकू आलं. सायेब नल्ल, नाला, असं दोनदा सोताशीच म्हणले आन कपाळाले हात लावला. काकाले लगेच फोन केला. आज काका आले, खिडकीतून म्हणले, "काऊन वं झेंडे, बोलली म्हणे?"

अर्धी काळी मशीननं उचलली, बाकीच्यात रेती मिसळली. जेवणाच्या सुट्टीत मी तिथं खडे येचत असते, कोनी सांगतलं नाई तरी.

एक गोष्ट सायेबाले नाई सांगतली. पयलं टिप्पर वळलं तवाच मले मालूम होतं, काळी नाल्यात नसते टाकत. तुमचं बोलणंबी आठवलं. तरी झेंडी हालवली, पुन्हा फोन लावून इचारायची लाज वाटली म्हणून. हे तुमालेच सांगून राह्यली. पाठवत नाई, तुमचा नंबर आता दुसऱ्याच कोनाकडं हाय.

आन हो, मायले चष्मा लागला. काल भिंतीवरचा तुमचा फोटो पाहून म्हणे, यांच्या नाकावर तीळ होता, मले मालूमच नवतं.