रेल्वेत जाण्याचा पक्का बेत

ता. १ जानेवारी १८९१, गुरुवार

इंग्रजी नवीन वर्ष. संकल्प एकच. मास्तरकी सोडायची आणि रेल्वेत जायचं. या वर्षी नक्की. गेल्या वर्षीही नक्कीच होतं, पण तेव्हा पडसं झालं होतं.

कारणं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मन डळमळणार नाही. सरकारने मला शिकवायला नेमलं आणि शिकवणं सोडून मी सगळं करतो. गावचं टपाल मी वाटतो. कोर्टाच्या नोटिसा मी वाचून दाखवतो. सासरी गेलेल्या लेकींना पत्रं मी लिहितो, आणि त्यांत रडायचं कुठे तेही मीच ठरवतो. आता पुढच्या महिन्यात खानेसुमारी. घराघरांतली माणसं कोणी मोजायची? मास्तरांनी. पोरं आगऱ्यांची. संक्रांत झाली की बापाबरोबर मिठागरात जातात आणि वर्गात तरटं तेवढी उरतात. मग शाळा तपासणारे डिपुटीसाहेब येऊन मलाच विचारणार, हजेरी का कमी.

परशुराम माझ्याबरोबर ठाण्याला मास्तर होता. तो वेळेवर शहाणा झाला. आता कल्याण स्टेशनात बुकिंग क्लार्क आहे. खिडकीआड बसतो, लोक त्याच्याशी वाकून बोलतात. इथे मीच वाकतो, पोरांच्या पाट्या बघायला. पाठ कायमची धरली आहे.

ता. ११ जानेवारी, रविवार

कल्याणला गेलो होतो. परशुराम म्हणाला, असिस्टंट स्टेशन मास्तरच्या जागेसाठी उमेदवार घेणार आहेत. मास्तर तर मी आहेच, स्टेशन तेवढं नवीन.

येताना बाजारातून मंडळींना संक्रांतीचं लुगडं आणलं. हिरवंगार. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, तांबडं आहे. दुकानदाराने बांधताना बदललं असणार. शेजारच्या सगुणाबाईंना दाखवलं, त्याही तांबडंच म्हणाल्या. बायका एकमेकींची बाजू घेतात.

ता. १८ जानेवारी, रविवार

डोंबिवली स्टेशनात जाऊन बसलो, कामाचं निरीक्षण करायला. शिस्त फार ढिली. गार्डाने लाल निशाण दाखवलं आणि ड्रायव्हरने खुशाल गाडी सोडली. कोणी हटकलं नाही. पोर्टरच्या नजरेस आणून दिलं, तर तो माझ्याकडेच बघत राहिला. रेल्वेला माझ्यासारख्या माणसाची किती गरज आहे ते आज कळलं.

ता. २ फेब्रुवारी, सोमवार

अर्ज केला नाही. चांगला कागद नव्हता. कागद मिळाला तेव्हा बोरू बरा नव्हता. घाईत केलेला अर्ज वाया जातो.

ता. १२ फेब्रुवारी, गुरुवार

इन्स्पेक्शन. रिझल्ट बरा. पण एका पोराने माझी अब्रू घेतली.

नकाशात इंग्रज सरकारचा मुलूख लाल रंगवला आहे आणि संस्थानं हिरवी. डिपुटीसाहेबांनी विचारलं, सरकारचा मुलूख दाखवा. मी छडी घेऊन नकाशाजवळ गेलो. तेवढ्यात गोविंदा उठला. हा काळुराम पाटलांचा पोरगा. सकाळी मिठागरात राबून मग शाळेत येतो, पायांना खाऱ्या पाण्याच्या चिरा पडलेल्या असतात. त्याने सरळ माझ्या हातातून छडी काढून घेतली, मास्तर दमलेत म्हणाला, आणि सगळा मुलूख स्वतः दाखवला. साहेब खूश. मुलं धीट आहेत, असा शेरा दिला.

साहेब गेल्यावर गोविंदाला चांगला झापला. तो खाली मान घालून उभा राहिला. बाकीची पोरं एकमेकांकडे बघत होती. या पोरांना वळण लावण्यात माझं आयुष्य जातं आहे.

ता. २७ फेब्रुवारी, शुक्रवार

खानेसुमारी काल एकदाची संपली. घसा बसला आहे. रखमाबाईला वय विचारलं तर म्हणाली, मोठं वादळ झालं तेव्हा मी रांगत होते. ते वादळ कधी झालं हे गावात कुणालाच सांगता येत नाही.

आमच्या घराचा कागद भरताना धंद्याच्या रकान्यात ‘रेल्वे’ लिहिणार होतो. मंडळींनी विचारलं, गाडी कुठे आहे. शेवटी ‘शिक्षक, तूर्त’ असं लिहिलं.

ता. ९ मार्च, सोमवार

अर्ज गेला. परशुरामने स्वतः नेऊन दिला, नाहीतर मी उद्या देणारच होतो. पुढच्या सोमवारी कल्याणला परीक्षा.

ता. १६ मार्च, सोमवार

परीक्षा उत्तम. इंग्रजी धडा वाचला, हिशेब सोडवले. मग रेल्वेच्या डॉक्टरांकडे डोळे दाखवायचे होते. लांबच्या पाटीवरची बारीक अक्षरं धडाधड वाचली. नंतर त्यांनी टेबलावर लोकरीच्या लडींचा ढीग ओतला आणि हिरव्या वेगळ्या काढायला सांगितलं. पोरखेळ. झटपट काढल्या. डॉक्टर थक्क झाले. पुन्हा काढायला लावल्या. मी पुन्हा त्याच काढल्या, एक लड इकडची तिकडे नाही. मग त्यांनी कंपाउंडरला मुद्दाम बोलावून माझं काम दाखवलं. असा उमेदवार त्यांनी पाहिला नसावा.

आईच्या वडिलांची नजर कशी होती, तेही विचारलं. घराणं बघतात.

ता. १९ मार्च, गुरुवार

राजीनामा लिहिला. काळुराम पाटील मिठाचं गलबत घेऊन ठाण्याला निघाले होते, त्यांच्याजवळ दिला, तिथल्या ऑफिसात द्या म्हणून. पाटील शाळेच्या कमिटीवर आहेत, तेव्हा रीतसर झालं. रेल्वेचा कागद आला का, असं त्यांनी विचारलं. आल्यातच जमा आहे, असं सांगितलं. त्यांनी राजीनामा पागोट्यात खोचला.

मन हलकं झालं. जेवण मात्र गेलं नाही.

ता. २२ मार्च, रविवार

गावाने निरोप दिला. नारळ, उपरणं. पाटील चार शब्द बोलले. मी उत्तराला उभा राहिलो आणि काय झालं कळेना, बोलताच येईना. ज्या वर्गाला इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्याच्या भिंतीसुद्धा डोळ्यांपुढून हलेनात. मी रडलो, हे इथे लिहायला हरकत नाही. आश्चर्य म्हणजे दुसऱ्या कुणाच्याच डोळ्यांत पाणी नव्हतं. आगरी माणसं कणखर. गोविंदा तर जाताना विचारत होता, त्रैराशिकाचं राहिलेलं गणित कधी घेणार. मी म्हटलं, नवीन मास्तर घेतील. तो बरं म्हणाला आणि गेला.

घरी मंडळींनी सामान बांधायला घेतलेलं नाही. कंबर धरली आहे म्हणतात. सकाळी विहिरीवरून दोन हंडे आणताना धरलेली दिसली नाही.

ता. ३० मार्च, सोमवार

परशुराम आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, तुला घेतलं नाही. कारण विचारलं. कलर ब्लाइंड, असं डॉक्टरांनी लिहिलं आहे. मी म्हटलं, रेल्वेची लोकरच हलकी, रंग उडालेली.

त्याने पिशवीतून गार्डाची दोन निशाणं काढली आणि दोन्ही हातांत धरली. यांतलं लाल कोणतं, विचारलं. मी सांगितलं. त्याने निशाणं गुंडाळून पिशवीत ठेवली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आतून मंडळी बाहेर आल्या. त्या संक्रांतीचं लुगडं नेसल्या होत्या.

राजीनामा ठाण्याला पोचून बरेच दिवस झाले असणार. म्हणजे आता मी मास्तरही नाही. उद्या खायचं काय, ही भीती आज पहिल्यांदा वाटली.

ता. ३१ मार्च, मंगळवार

पाटलांकडे गेलो. राजीनामा कुणाच्या हातात दिला ते विचारायचं होतं, हातापाया पडून परत मिळतो का बघावं म्हणून. पाटील उठले आणि कोनाड्यातून माझाच कागद काढून माझ्यासमोर धरला.

म्हणाले, “दिलाच नाय. पोरा बोलली, मास्तरला लाल न हिरवा एकूच दिसतं, आगगाडीवाले त्याला काय घेतान? मंग कागूद कशाला देऊ?”

मग निरोप कशाला दिलात, असं विचारलं. “तुमची हौस हुती,” म्हणाले.

गोविंदा दारातच उभा होता. हे तुम्हाला कधीपासून ठाऊक, विचारलं. बिगरीच्या वर्गापासून, म्हणाला. पोरांचं आपसांत ठरलेलं होतं, मास्तर नकाशाकडे निघाले की पुढच्याने छडी घ्यायची. हसायचं नाही, हेही ठरलेलं. आणि त्या दिवशी मी त्याला झापला होता.

मला फार लाज वाटली. आणि फार बरंही वाटलं. हे कुणाला सांगणार नाही, इथेच लिहून ठेवतो.

उपरणं परत करत होतो. पाटील म्हणाले, राहू द्या, पुढच्या खेपेला लागेल.

ता. १ एप्रिल, बुधवार

शाळा उघडली. पोरं मोजकीच, बाकीची मिठागरात. कुणी काही विचारलं नाही. त्रैराशिकाचं गणित घेतलं, ते मलाच सुटेना. टपाल आलं, वाटलं. एक कोर्टाची नोटीस वाचून दाखवली. पाठ दुखते आहे.

ही मास्तरकी आपल्याला झेपायची नाही, हे आता स्पष्ट झालं. पावसाळा संपला की मिठाच्या खात्यात अर्ज करायचा. नक्की. मीठ पांढरं असतं.

उद्या नकाशा घ्यायचा आहे. गोविंदाला वेळेवर यायला सांगितलं आहे.