हाडवैद्याची पोर

बाबा, मी कॉलेजात नक्की काय शिकले हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. अ‍ॅडमिशन झाल्याचं सांगायला आले तेव्हा तू ओट्यावर बसून एका बाईच्या मनगटाला तेल चोळत होतास. मान वर न करता म्हणालास, "व्यायाम शिकायला कॉलेज कशाला लागतं? शेतात ये, रोज होईल." ती बाई हसली, मीही हसले. माणूस चालतो तेव्हा कुठला स्नायू आधी आवळतो, ओझं उचलताना कमरेवर भार कसा येतो, सांधा किती वळतो आणि कुठे अडतो, असं सगळं त्या अभ्यासात होतं. म्हटलं तर तुझ्याच कामाचं शिक्षण. रानशेतपासून तलासरीपर्यंतची माणसं मोडलेले हातपाय घेऊन तुझ्याकडे येत, आणि आम्ही पुस्तकातून पाठ केलेली हाडं तू डोळे मिटून बोटांनी ओळखायचास. बापाचं बघून पोरगी तिकडे वळली असं पाड्यावर सगळे म्हणतात. मी वळले ते माझ्या उजव्या हातामुळे.

नऊ वर्षांची होते. पेरूच्या झाडावरून पडले आणि कोपर बघता बघता सुजलं. आई म्हणाली, "हिला डहाणूला नेऊ या, मोठ्या दवाखान्यात." तू बांबूच्या कामट्या तासत होतास. "हाडवैद्याची पोर दवाखान्यात नेली तर उद्या माझ्या दारात कोण येईल?" एवढंच बोललास, आणि आई जुनं लुगडं काढायला आत गेली. पाला वाटून लावलास, कामट्या ठेवल्यास आणि लुगड्याच्या पट्ट्यांनी हात करकचून बांधलास. दुसऱ्या दिवशी माझी बोटं गार पडली, निळी दिसायला लागली. मी म्हणते, बाबा, बोटं झोपलीत. तू म्हणतोस, औषध लागतंय, रडू नको गे. तिसऱ्या दिवशी कुठे तू पट्टी सैल केलीस. महिन्याभराने सोडलीस तेव्हा हात वाकडाच होता. कोपरावरून तू दोन-तीनदा अंगठा फिरवलास, उठलास आणि घरामागे निघून गेलास. पुढच्या आठवड्यात मला तलासरीकडे मामाच्या घरी पाठवलंत, दोन महिने. भाताची कापणी होती, माझ्याकडे बघायला कोण, असं मी समजले.

शाळेत मला भालाफेक करायची होती. खांद्यात जोर होता, धावही चांगली होती, पण सरांनी दोन फेकी बघून भाला काढून घेतला. "हात सरळच होत नाही तुझा. जा, लांब उडीला उभी राहा." मग मी उडी मारत राहिले आणि भाल्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या वर्षाला सांध्यांची मापं घ्यायचं प्रॅक्टिकल होतं. जोड्या पाडल्या होत्या. माझ्या जोडीदारणीने माझ्या कोपराला माप लावलं, आणि आपलंच चुकतंय असं वाटून तिने परत लावलं. शेवटी सरांना बोलावलं. सरांनी सगळा वर्ग भोवती गोळा केला, माझा हात धरून वळवून दाखवला. लहानपणी कोपराच्या वर मोडलंय, वाकडं जुळलंय, असं मोडलेलं करकचून बांधलं तर रक्त थांबून पंजासुद्धा जाऊ शकतो, म्हणाले. वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर हा हात आज सरळ असता. मुलं लिहून घेत होती. "कोणी बसवलं हे?" सरांनी विचारलं. मी म्हणाले, "गावात एक जण होता."

दिवाळीत घरी आले ती तुला जाब विचारायलाच. दुपारची वेळ, तू जेवून ओट्यावर टेकला होतास. सरांनी सांगितलेलं सगळं मी तुझ्या तोंडावर फेकलं. मला वाटलं होतं तू चिडशील, तुमच्या पुस्तकांना काय कळतं म्हणशील. मग मला भांडता आलं असतं.

तू म्हणालास, "पट्टी सोडली तेव्हाच कळलं होतं मला."

"मग तेव्हा का नाही नेलंस? हाड कोवळं होतं, डॉक्टरांनी काहीतरी केलं असतं."

"दारात चार माणसं बसली होती," तू म्हणालास आणि पाण्याचा तांब्या उचललास.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी निघून गेले. मग फोन आला की आईशी बोलायचे. तू मागून विचारायचास, "हात दुखतो का तिचा थंडीत?" मला ऐकू यायचं. दुखतो, हे मी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी तू छातीत कळ येऊन गेलास तेव्हा माझी परीक्षा चालू होती.

तुझ्या दिवसकार्याला अंगण भरलं होतं. तलासरीहून आलेला एक म्हातारा धोतर वर करून आपला पाय सगळ्यांना दाखवत होता. काठीसारखा सरळ पाय. मी बघत राहिले. पलीकडच्या पाड्यावरची आजी माझ्याजवळ येऊन बसली, माझा हात मांडीवर घेऊन म्हणाली, "तुझा बाप लय हळहळायचा गे या हातासाठी. मामाने परस्पर डॉक्टरकडे नेली, त्या डॉक्टरने वाट लावली. माझ्याकडे राहिली असती तर सरळ केला असता, म्हणायचा."

मला मामाकडे ठेवलं ते दोन महिने कशासाठी होते हे मला तेव्हा कळलं, बाबा. त्या अंगणात, तुझ्या फोटोसमोर.

आजीची नात आदल्या दिवशी पडली होती. मनगट टम्म सुजलेलं, फडक्यात गुंडाळलेलं. "आता हिचं कोण बसवणार? दवाखान्यात नाय नेणार मी. तुझा हात बघितलाय ना." आजूबाजूच्या बायांनी माना डोलावल्या. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. मी म्हणाले, "तो डॉक्टरच वाईट होता, आजी. डहाणूचे चांगले आहेत. मी येते सोबत."

त्याच दुपारी रिक्षाने गेलो. एक्स-रे झाला, प्लास्टर झालं. पोरीचा हात सरळ आहे, ती आता पाणी भरते, शाळेत जाते. आता त्या पाड्यावर काही मोडलं की मला फोन येतो आणि मी दवाखान्यात पाठवते. पण तू रचलेली ती गोष्ट अजून तशीच सांगितली जाते, आणि मी ती कधी खोडली नाही.

हे आईला वाचून दाखवणार नाही. तिला सगळं ठाऊक आहे, आणि तीही गप्पच राहिली आहे. त्या दिवशी मी खोटं बोलले ते तुझी लाज राखायला, असं तिला वाटतं. तसं नाही, बाबा. तुझी मुलगी म्हणून बाया सरकून मला जागा करून देत होत्या, कोणी पाणी आणून देत होतं, आणि ते मला आवडत होतं.