भावोजींचा शिक्का

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? माझी तब्येत उत्तम आहे, फक्त छातीत जळजळ होते आणि ती तुझ्या नवऱ्यामुळे होते, हे आधीच सांगून टाकतो.

बावीस वर्षं मी वायरिंग करतोय. भावोजींना टेस्टर कसा धरायचा हे मीच शिकवलं (तेव्हा ते चष्म्याच्या दुकानात होते, तू विसरली असशील). तर एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्याचं काम मला मिळालं. नकाशा मीच काढला, चार दिवस खपून, तीन रंगांत. परवाना कार्यालयातल्या बाईंनी तो परत सरकवला. म्हणाल्या, तुमचा परवाना तारा ओढायचा आहे, आराखडा करायचा नाही, त्याची परीक्षा वेगळी. मी म्हटलं, काढणारा मी, ओढणारा मी, मग मध्ये तिसरा कशाला? "दोन्हीकडे तुम्हीच चुकलात तर पकडणार कोण?" एवढं बोलून त्यांनी जेवणाचा डबा उघडला.

आणि ती परीक्षा पास झालेला माझ्या ओळखीत एकच माणूस.

भावोजी दवाखान्यातच आले. नवी बॅग, खिशात शिक्का आणि (हे मला फार लागलं) कानामागे पेन्सिल, जी सवय मुळात माझी. माझ्या नकाशावर त्यांनी अकरा लाल खुणा केल्या. खुर्ची, कॉम्प्रेसर आणि हत्यारं उकळायचं यंत्र मी एकाच सर्किटवर घेतलं होतं. मी विचारलं, तिन्ही एकदम चालवतं कोण?

"मी. रोज," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भावोजी हसले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "माझ्या पहिल्या नकाशातही हेच झालं होतं." असला चांगुलपणा मला सोसत नाही, ताई. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, तर ती म्हणते, किती समजूतदार माणूस. मी भाजी न घेताच ताटावरून उठलो.

तुझा भाऊ

ता. क. हे पत्र त्यांना दाखवू नकोस.

ता. क. २. परीक्षेआधी वर्षभर एखाद्या परवानाधारकाच्या हाताखाली आराखडे करावे लागतात, आणि 'हाताखाली घेतो' अशी फॉर्मवर त्याची सही आधी लागते. मी काही मागणार नाही. तुलाच सुचलं असं दाखवून तू विचार.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना नकाशाच्या गुंडाळीत तोच फॉर्म सापडला. सही, शिक्का, सगळं करून ठेवलंय, आणि सोमवारी नऊला बोलावलंय. म्हणजे आता रागवायला कारणही उरलं नाही. तरी माझ्याखातर रविवारपर्यंत तू त्यांच्याशी अबोला धर.