एकही टाका न मारलेला गोठा

गोठा उभा राहिला आहे, अण्णा. वर तीर्थरूप वगैरे लिहिलेलं नाही, ते मुद्दामच. टिटवाळ्याला आमच्या घरामागच्या पट्टीत, आठ खांबांचा, वर पत्रे, एक गाय आणि तिची कालवड आरामात बसेल एवढा. सगळा लोखंडाचा. आणि त्यात वेल्डिंगचा एक टाका नाही, सगळे जोड नट-बोल्टचे. कोपरीच्या आपल्या वेल्डिंगच्या दुकानात कोणी बोल्टाचं काम सांगत आलं की तुम्ही तोंड वाकडं करायचात. म्हणायचात, "बोल्टाचं काम म्हणजे पिना लावून नेसलेली साडी." लोकांना मी दोन कारणं सांगते. मागच्या पट्टीत वीज नाही, आणि शेजारीच पेंढा रचलेला आहे, एक ठिणगी पडली तर संपलं. दोन्ही खरी आहेत. तिसरं कारण तुम्ही.

माझा मॅट्रिकचा निकाल लागला होता, सुट्टी होती. मी चहाची किटली घेऊन दुकानात आले आहे. सरकत्या गेटचं काम आलं आहे, वर कमान असलेलं, आणि दादाला ती कमान सकाळपासून जमत नाही. तो वैतागून बाहेर गेला आहे. तुम्ही गिऱ्हाइकाला घेऊन मागे माल दाखवताय. मी खिळ्याला दोरी बांधते, दोरीला खडू, आणि जमिनीवर अख्खं गेट आखते, मूळ मापाचं, कमानीसकट. तुम्ही परत येता. गिऱ्हाईक वाकून बघतं आणि विचारतं, "वा, हे कोणी आखलं?" तुम्ही माझ्याकडे बघता. माझ्या बोटांना खडू लागलेला आहे, तोही बघता. आणि म्हणता, "पोराने. आयटीआयला घालतोय त्याला." मग मला म्हणता, "कप उचल." त्या दिवशी घरी आईने माझ्यासाठी आयटीआयचा विषय काढला तर तुम्ही म्हणालात, "ठिणग्या उडतात तिथे. तोंडावर डाग पडला तर कोण करेल हिला?" दादा आयटीआयला गेला आणि सहा महिन्यांत सोडून आला. माझ्या तोंडावर डाग नाही. बघा, किती जपलंत.

तुमच्यामागे दादाने वेल्डिंगचं मशीन भंगारात दिलं. तुम्हाला हे कोणी कळवलं नसेल म्हणून मी कळवते, आणि आनंदाने कळवते. पितृपक्षात तुमच्या तिथीचं पान मीच वाढते, कारण तो विसरतो. अंघोळ करून, सोवळ्यात, खीर, वडे, सगळं रीतीने. आणि भाजी दर वर्षी गवारीची करते. तुम्ही गवार ताटाबाहेर काढून ठेवायचात, मला पक्कं आठवतं. देवापुढे हात जोडून मी याची माफी मागते. तुमच्याकडे मागत नाही.

तर गोठा. मापं मी काढली, आणि भोकं कुठे पाडायची ते जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यांवर आखून कल्याणच्या दुकानात अँगल कापायला दिले. दुकानदार म्हणाला, "ताई, मिस्त्रीला पाठवा ना, उगाच गोंधळ होईल." मी म्हटलं, "मिस्त्री गावी गेलाय, मापं हीच आहेत." वाद घालायला वेळ नव्हता. पहिली चौकट, म्हणजे दोन खांब आणि वरचा आडवा, मी जमिनीवर जोडली आणि एकेक बोल्ट पान्याने जीव खाऊन आवळला. हे, म्हणजे तुमचे जावई, म्हणाले, "अगं, आत्ताच कशाला एवढं? थोडे ढिले राहू देत." मी म्हटलं, "ढिलं हा शब्द माझ्या गोठ्यात काढायचा नाही." चारही चौकटी तशाच आवळल्या. उभ्या करून मधल्या पट्ट्या लावायला गेलो तर भोकासमोर भोक येईना, बोटभर फरक. बोल्टाचं काम आधी सगळं ढिलंच उभं करायचं असतं, मग गुण्यात आणायचं, चारी कोपरे काटकोनात आले की शेवटी आवळायचं. मी तुम्हाला दाखवायचं म्हणून आवळत गेले आणि गोठा वाकडा करून बसले. हे हसले नाहीत, ते त्यांच्या फायद्याचं झालं. तुपाचा रिकामा डबा पुढे धरून म्हणाले, "सोडव सगळे. मी वायसर वेगळे ठेवतो."

दोन दिवस सोडवण्यात गेले. मग मी सुतळी घेतली. या कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत एकदा, उरलेल्या दोन कोपऱ्यांत एकदा. दोन्ही सुतळ्या सारख्या भरल्या की काम गुण्यात. हे तुम्ही दादाला शिकवत होतात, गेटवर ओणवे होऊन, आणि तो रस्त्याकडे बघत होता. मी मागे कप विसळत होते. तेव्हा हे तुम्ही मला दिलेलं नाही, मी चोरलेलं आहे, आणि चोरीचे आभार मानत नाहीत. शेवटचा बोल्ट आवळण्याआधी गणपतीचं नाव घेतलं, तुमचं नाही. नंतर एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला. पत्रे वाजले, खांब जागचे हलले नाहीत, गाय रवंथ करत बसून राहिली. तेव्हा तुम्ही तिथे हवे होतात. दहा मिनिटांसाठी, खांबाला हात लावून गप्प उभे राहण्यासाठी. त्याहून जास्त नको होतात.

आता जे लिहायचं टाळत होते ते. पलीकडच्या जागेच्या काकू आल्या होत्या, इथल्या जुन्या शेतकरी घरातल्या, दोन म्हशी आहेत त्यांच्या. त्यांनी खांब धरून गदागदा हलवून बघितला. म्हणाल्या, "घट हाय गो. आमचा पन असाच करायचा हाय. कोनी केला?"

अण्णा, या एका प्रश्नासाठी मी हे सगळं केलं होतं. उत्तर तयार होतं, पोळ्या लाटताना मनात किती वेळा म्हणून झालं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "भावाने."

"नंबर दे त्याचा," त्या म्हणाल्या.

"देते," मी म्हटलं.

हे दारातच उभे होते. तसेच आत गेले. तुम्ही तिथे नव्हतात. कोणी मला दटावलं नव्हतं, कोणी कप उचलायला सांगितलं नव्हतं. मी आपण होऊन बोलले, आणि त्याचा राग तुमच्यावर काढायला हे पत्र लिहायला घेतलं. काकूंचं घर इथून हाकेच्या अंतरावर आहे. जाऊन एवढंच सांगायचं आहे की मी केला. अकरा दिवस झाले, अजून गेलेले नाही.

हे पत्र तुमच्या तिथीला पानाशेजारी ठेवायचं ठरवलं होतं. आता ठेवणार नाही. शेवट वाचून तुम्हाला बरं वाटेल, आणि ते मला नकोय.