मिस्त्रींचं काम अजून बाकी आहे

ता. ९, रविवार दुपार

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं आणि मागोमाग तिसरं पार्सलही. आम्ही सगळे मजेत. आई बरी आहे, जेवणखाण व्यवस्थित, गुडघाही पूर्वीइतका कुरकुरत नाही. जहाजावर तुला कोणी पोटभर खायला घालतं की नाही, असं तुझ्या वहिनीने विचारलंय. तेवढं तिला कळव, म्हणजे ती माझं डोकं खायची थांबेल.

आता तुझ्या मोटरसायकलचं आणि तू पाठवलेल्या पार्टांचं. पुढची काच बसली. मागचं कॅरिअर बसलं, म्हणजे बसवलं. खोक्यावर लिहिलं होतं, ‘सगळ्या गाड्यांना बसतं’. याचा अर्थ कुठल्याच गाडीला धड बसत नाही, हे मला आता कळलं. भोकं बोटभर पुढे आली. मी फरशीच्या दुकानातला माणूस, मला टाइल कापता येते, लोखंड नाही. शेवटी पट्टी वाकवली आणि मध्ये वॉशरची चळत घातली. त्या भानगडीत एका बोल्टचे आटे गेले. पाय ठेवायच्या रुंद पट्ट्या लावल्या, तर किक मारताना पाय त्यांवर आपटतो, म्हणून एक पट्टी उलटी लावली आहे. हसू नकोस. पाठ टेकायची गादी मात्र फार छान आहे. आईला मागे बसवून तिच्या माहेरी न्यायचं तुझ्या मनात आहे, ते गादी बघूनच कळतं.

तू विचारलंस, एवढ्याशा कामाला इतके रविवार कसे लागतात. गाडी तशी कधीच तयार झाली आहे. पण होत नाहीये. हे कसं सांगू? मघाशी एक कागद लिहून फाडला.

पहिल्या रविवारी मी मागच्या अंगणात गाडीखाली डोकं घालून बसलो होतो. अंगात जुना शर्ट, हात कोपरापर्यंत काळे. आई दारात आली आणि म्हणाली, “मिस्त्री, चहा घेणार का?” मला वाटलं थट्टा करतेय. तिची जीभ तुला माहीत आहे. मीही म्हटलं, “घेऊ की बाई, साखर जरा सढळ हाताने टाका.” वहिनी खो खो हसली. आईने तिला आत नेलं आणि दटावलं, “कामाला आलेल्या माणसाशी खिदळतात का? नवरा घरी नाही तुझा. लोक नावं ठेवतील.” मग आम्ही दोघंही हसायचे थांबलो.

आईचं गॅस चालू ठेवणं, किल्ली साखरेच्या डब्यात ठेवणं, हे बरेच महिने चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, वाढेल, गोळ्यांनी थोडं लांबेल. तुला कळवलं नाही, कारण तू भर समुद्रात काय करणार होतास? फोनवर तर ती तुझ्याशी खणखणीत बोलते. तू कोण, कुठल्या जहाजावर, सगळं ठाऊक. सूनही ओळखू येते. फक्त मी गळालो आहे.

त्या संध्याकाळी हात धुऊन मी आत जायला निघालो, तर ती दारात आडवी उभी. “झालं ना काम? मग या आता.” माझ्याच घरात मला! वहिनीने वेळ मारून नेली, “आई, त्यांचं काम राहिलंय, उजेड गेला म्हणून थांबलेत.” तेव्हा कुठे बाहेरच्या खोलीत झोपायची परवानगी मिळाली. तेव्हापासून काम बाकी असेल तरच मी घरात. दुकानातून परत आलो तरी मिस्त्री म्हणूनच आत येतो. म्हणून दर रविवारी मी एखादा बोल्ट बसवतो आणि दुसरा काढून ठेवतो. शेजारच्यांना वाटत असेल, याचाच एखादा बोल्ट ढिला झालाय.

खरी पंचाईत पुढे आहे. आई स्टूल घेऊन माझ्याजवळ बसते आणि गप्पा मारते. कोणाबद्दल? माझ्याबद्दल. “मोठा माझा फार शहाणा. धाकट्याचे लाड झाले, पण घर मोठ्याच्या जिवावर चाललं. त्याच्यावर सोडून मी निर्धास्त झोपते.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “त्याला सांगू नका हं मिस्त्री, चढून बसेल.”

उभ्या आयुष्यात मला तोंडावर कधी बोलली नाही रे असं. मी घट्ट बसलेला बोल्ट उगाच पुन्हा आवळत राहिलो. खोटं कशाला बोलू, पुढच्या रविवारची मी वाट पाहायला लागलो. तिने मला ओळखावं असं मला वाटतं की वाटत नाही, हेच मला कळेनासं झालं. ओळखलं तर हे बोलणं बंद होणार.

पण गेल्या रविवारी तिने विचारलं, “मोठा हल्ली घरी येत नाही. रागावलाय का माझ्यावर? तुमच्या कानावर काही आलंय?” आणि पदराने डोळे पुसले. माझ्यासमोर, माझ्यासाठी. मग मला राहवेना. अंघोळ केली, दुकानाचा इस्त्रीचा शर्ट घातला, मागच्या दाराने बाहेर पडून पुढच्या फाटकातून आत आलो आणि नेहमीसारखं ओरडलो, “आई, आलो गं!”

तिने मला नीट न्याहाळलं. चेहरा उजळलासुद्धा. म्हणाली, “अरे वा मिस्त्री, आज अगदी ओळखू येत नाही!”

आता तूच सांग, मी काय करू? गाडी पूर्ण केली तर घराबाहेर. नाही केली तर ती दारात बसून मोठ्याची वाट बघणार आणि मी तिला रोज चुकवल्यासारखं होणार. वहिनी म्हणते, सरळ सांगून टाका. एकदा सांगितलं होतं. ती घाबरली. परका माणूस मुलगा म्हणवतो म्हणून घाबरली. परत सांगायची माझी छाती नाही. तू आलास आणि तिने तुलाही ओळखलं नाही, तर मला फार वाईट वाटेल. आणि नुसत्या तुलाच ओळखलं, तरीही वाटेल. हे वाचून मला हलका समजू नकोस.

आता कसलेही पार्ट पाठवू नकोस. बंदराला लागलास की रजा काढ आणि ये. फाटकातून आत आलास की आईकडे जाण्याआधी मला हाक मार, दादा म्हणून, तिला ऐकू जाईल अशी, मोठ्याने. तिला पटेल की नाही कोण जाणे. “मिस्त्रींना दादा काय म्हणतोस?” असं तिने विचारलं, तरी तू आपला म्हणत राहा.

अजून तुझा तरी,
दादा