घड्याळजींसाठी प्रार्थना

प्रिय मामा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. मामींना सलाम, आणि तुमच्या खुर्चीवर कब्जा करून बसलेल्या त्या उर्मट मांजरीलाही. मी ठणठणीत आहे. तुमची तब्येत विचारत नाही, कारण तुम्ही ‘उत्तम’ म्हणणार आणि मामी मागून मान हलवणार. हृदयाच्या ऑपरेशनला तुम्ही साफ नकार दिलात, हे त्यांच्याकडून कळलं. वर डॉक्टरांनाच उपदेश करून आलात म्हणे, की जन्मभर पाळक म्हणून लोकांना निरोप दिला, आता आपली पाळी आली तर कुरकुर कशाला. (डॉक्टरांचा चेहरा बघायला हवा होता.) मी यावर एक अक्षर बोलणार नाही, तसा मामींना शब्द दिलाय. हे पत्र फक्त माझ्या कादंबरीची रड सांगायला आहे.

रड जुनीच. माझ्या पुस्तकांत वाईट माणूस टिकत नाही, आणि याला जबाबदार तुम्ही. रविवारच्या शाळेत तुम्ही आम्हाला एक खोड लावलीत: ज्याचा राग आलाय त्याचं नाव घेऊन आधी प्रार्थना करायची, मग खुशाल भांडायचं. डोळे उघडेपर्यंत भांडणाची सगळी मजा गेलेली असायची. ती खोड आता लिहिताना नडते. टेबलाशी बसले की त्या दिवशीच्या पात्रांसाठी मी दोन शब्द देवाशी बोलते, मग पेन उचलते. गेल्या पुस्तकात एक नीच घरमालक घेतला होता, चांगला पाताळयंत्री. तिसऱ्या प्रकरणात बघते तर हा भाडेकरणीच्या आईला आधार देऊन जिना उतरवतोय! प्रकाशकांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, बाई, तुम्हाला एखादा खलनायक बाहेरून मागवून देऊ का?

हेच प्रकाशक परवा एका कार्यक्रमात माझी ओळख करून देताना म्हणाले, की यांनी नाना नोकऱ्या केल्या म्हणून यांचं लेखन समृद्ध. समृद्ध कसलं डोंबल! हॉस्पिटलच्या धुलाईत होते तेव्हा रोगी कधी दिसलेच नाहीत, नुसत्या चादरी खाली यायच्या. चादरीवर सूप सांडलेलं दिसलं की मला बरं वाटायचं, माणूस जेवायला लागला म्हणून. (मुकादमीण मात्र करवादायची.) मग कबरींचे दगड कोरणाऱ्याच्या दुकानात बसले. तिथे घरचे लोक प्रेमळ, कर्तव्यदक्ष, सर्वांचे लाडके असं सगळं लिहून आणायचे, आणि दगडाची रुंदी बघून शेवटी ‘आमचे बाबा’ एवढंच ठेवायचे. माझी विशेषणं तिथेच गळली. मग लिफ्ट चालवली. रडणारी माणसं आपला मजला यायच्या आत डोळे पुसतात, हे मी रोज पाठीमागे ऐकायचे. पण मामा, खरं सांगू का, हे सगळं नुसती अडगळ होऊन पडलं असतं. त्या चादरीखाली कोणीतरी आहे, त्याला नाव आहे, आणि देवाला ते ठाऊक आहे, हे तुम्ही लहानपणी डोक्यात भरवलंत म्हणून मला त्या माणसाचं पुढे काय झालं हे लिहावंसं वाटतं. माझ्याकडे दुसरं भांडवल नाही.

तर आता घोळ. नव्या कादंबरीत एक म्हातारे घड्याळजी आहेत. स्वभाव गोड, हट्ट दगडासारखा. कप प्यायल्याबरोबर विसळणार, पेपरची इस्त्री केल्यासारखी घडी घालणार, आणि ऑपरेशनला म्हणणार, माझं झालंय आता. (नजर चोरू नका, वाचा पुढे.) बुधवारच्या प्रार्थनासभेत पाळकांनी विचारलं, कोणाची काही विनंती? माझे डोळे मिटलेले, मन आठव्या प्रकरणात. तोंडातून निघून गेलं, ‘आमच्या घड्याळजींसाठी प्रार्थना करा, ते ऑपरेशनला तयार होत नाहीत.’

आमची मंडळी म्हणजे काय, विचारता सोय नाही. निवृत्त टायपिस्टबाईंनी तिथल्या तिथे अशी कळवळून प्रार्थना केली की मलाच हुंदका आला, आणि आता खुलासा कोणत्या तोंडाने करायचा? रविवारी वेदीपुढे घड्याळजींचं नाव. प्लंबरभाऊ म्हणाले, पत्ता द्या, मी जाऊन समजावतो, माझंही झालंय हेच ऑपरेशन. त्यांनी शर्टाची बटणं काढून छातीवरचा व्रण दाखवायला सुरुवात केली. मी सांगितलं, घड्याळजी कोणाला भेटत नाहीत. (खोटं नव्हतं.)

शेवटी असह्य होऊन पाळकांना गाठलं आणि सगळं ओकले. हे माझ्याहून लहान, गंभीर चेहऱ्याचे. आधी खुर्चीत वाकून पोट धरून हसले. मग चष्मा पुसत विचारलं, बाई, तुम्ही त्या दिवशी रडलात ते कोणासाठी? त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि म्हणाले, मग चालू ठेवूया प्रार्थना, पुढच्या बुधवारी खरं नाव सांगा. बुधवारी मी तुमचं नाव सांगितलं, मामा. सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. कोणी रागावलं नाही. प्लंबरभाऊ तेवढे म्हणाले, मग आता तरी पत्ता द्या.

बाकी क्षेम. औषधं वेळेवर घ्या.

तुमची भाची

ता.क. मामींना दिलेला शब्द मोडला, असं समजू नका. खरा शब्द असा होता की विषय काढायचाच, पण आडवळणाने. आडवळण संपलं. प्रकाशकांना शेवटच्या प्रकरणात घड्याळजी गेलेले हवेत, वाचक रडतात म्हणे. मला ते लिहिता येत नाही. पाळी आली की जायचं, हे तुमचं बरोबर असेल, पण डॉक्टर तर म्हणताहेत की अजून आलेली नाही! मामा, मला फार भीती वाटतेय. ऑपरेशन करून घ्या.

ता.ता.क. टायपिस्टबाईंनी घड्याळजींसाठी स्वेटर विणायला घेतला होता. तेव्हा त्यांनी माप विचारलं आणि मी गडबडीत तुमचंच दिलं. काल तो पुरा झाला. पुढून उघडा ठेवलाय, बटणं लावलीत. छातीला टाके असताना हात वर करून डोक्यातून घालायला लागू नये म्हणून.