माणशी चार भाकरी

राहुरी
दिवाळीनंतरचा आठवडा, १९७१

चिरंजीव सहादेवास थोरल्या बहिणीचा, म्हणजे राहीबाईचा, आशीर्वाद. (नाव मुद्दाम घातलं आहे. तुला एक थोरली बहीण आहे, ती राहुरीत खानावळ चालवते, मागच्या खेपेला तू तिच्याकडे छत्री विसरलास, ती न्यायला आलास आणि जाताना डोक्यावरचा फेटा विसरून गेलास, एवढं आठवलं की पुढचं वाच.) तुझा गुडघा आणि छबूबाईचा दमा कसा आहे ते कळव. कळवायला विसरशीलच, म्हणून दोन्ही बरे आहेत असं मी धरून चालते. इकडे सर्व क्षेम आहे, असं राधाकृष्णानं मी तोंड उघडायच्या आधीच लिहून टाकलं होतं. मी ते खोडायला लावलं. इकडे क्षेम असं काही उरलेलं नाही.

पत्र मी सांगते आहे आणि माझा नातू राधाकृष्ण लिहितो आहे. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. त्याला फार येतं, हेच आमचं दुखणं. माझं बोलणं तो शुद्ध करून लिहितो, त्यामुळे तुला कुणा मास्तरीणबाईचं पत्र आल्यासारखं वाटेल. पण मजकूर माझा आहे, आणि त्यातला गुन्हेगार तोच असल्यामुळे प्रत्येक ओळ मी परत वाचून घेते. (हेही लिही.)

तर पोरगा नगरला बी.कॉम. झाला, नोकरी लागेना, म्हणून माझ्याकडे येऊन राहिला. येऊन स्वस्थ झोपला असता तर आज आपण सगळे सुखात असतो. पण त्याला वाटलं, आजीचा धंदा सुधारावा. धंदा तुला माहीत आहे: वीस जेवणारे, महिन्याचं ठरलेलं, आणि ताटात पोटभर. लंकाबाई भाकरी थापते, मी वाढते. किती थापायच्या हे देवाच्या भरवशावर. कधी टोपलंभर उरायच्या आणि गाईला जायच्या, कधी लंकाबाई आणि मी ताकावर भागवायचो. हे बघून राधाकृष्ण आठवडाभर चुलीपाशी पाट टाकून बसला आणि कोण किती खातो ते टिपत राहिला. जेवणाऱ्यांना वाटलं, सरकारी माणूस आहे. दोघांनी भीतीनं कमी खाल्लं, एकानं सरकारचं आहे असं समजून जास्त खाल्लं. मग त्यानं सगळ्यांच्या भाकरी एकत्र केल्या, वीसजणांत वाटल्या, आणि आकडा काढला: माणशी चार. याला सरासरी म्हणतात. मला ती फार आवडली, खोटं कशाला बोलू. रोज ऐंशी भाकरी, ना उरायची भीती ना कमी पडायची. मी गल्लीभर सांगत सुटले की आमच्याकडे आता शास्त्रानं वाढतात.

आता त्या वीसजणांतले दोघे नीट समजून घे. एक गहिनीनाथ, टपाल वाटणारा. त्याला पोटाचा विकार आहे, तो दीड भाकरी खातो, तीही माझ्यावर उपकार केल्यासारखी. दुसरा कानिफनाथ, मुळेच्या कालव्यावरचा मुकादम. तो अकरा खातो. (अकरा म्हणजे भूक नसताना.) दोघांच्याही ताटात चार-चार पडल्या. गहिनीनाथ उरवायला लागला तर राधाकृष्ण म्हणाला, तुम्ही टाकलंत तर सरासरी बिघडते. सरकारी नोकर तो, नियम म्हटला की त्याला मोडवत नाही. डोळ्यांत पाणी आणून चार दिवस खाल्लं आणि पाचव्या दिवशी ओव्याची पुडी घेऊन रजेवर गेला.

कानिफनाथाचं मात्र माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. त्याच्या चार संपल्या, आणि तो बसून राहिला. हात धुतला नाही, काही मागितलं नाही. बाकीचे उठून गेले, खरकटं काढून झालं, तरी तो आपला रिकाम्या ताटाकडे बघत बसलेला. मग हळूच म्हणाला, "आजी, माजं काय चुकलं का?" मी काय सांगणार? चुकलं नाही बाबा, शास्त्र आहे, म्हटलं. त्यानं ताटाला नमस्कार केला आणि निघाला. दुसऱ्या दिवसापासून तो आणि त्याच्या हाताखालचे सातजण स्टँडामागच्या खानावळीत जेवायला लागले. उरलेल्यांनी आमटी आळणी आहे म्हणून कुरकुर केली. एव्हाना मीही शिकले होते. म्हटलं, काल खारट होती, आज आळणी आहे, सरासरी बरोबर. त्यावर कुणी हसलं नाही.

मग राधाकृष्ण म्हणाला, चूक सरासरीची. एकटा कानिफनाथ सगळा आकडा वर ओढत होता, आता मधला माणूस धरायचा. राहिलेल्या बाराजणांना कमी खाणाऱ्यापासून जास्त खाणाऱ्यापर्यंत ओसरीवर ओळीनं उभं केलं (गहिनीनाथ रजेवर, त्याच्या जागी त्याची पिशवी ठेवली) आणि मधला शोधायला गेलो. तर सहा इकडे, सहा तिकडे. मधला माणूस निघाला तो दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत. तिथं कुणीच नव्हतं. अलीकडचा तीन खाणारा, पलीकडचा चार, म्हणून मोकळ्या जागेची भूक साडेतीन ठरली. सहादू, असा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण त्याच्या मापानं मी आठवडाभर स्वयंपाक केला. लंकाबाईला अर्ध्या भाकरी थापायला सांगितल्या. तिनं परात खाली ठेवली. "अर्धी भाकर म्या सवतीलाबी वाढली न्हाई," म्हणाली आणि लेकीकडे निघून गेली. मग भाकरी मी थापायला लागले. माझ्या मनगटाचं वय झालंय, त्या भाकरींचा आकार बघून आणखी सातजण गेले.

तरी पुस्तकात तिसरा उपाय होताच: जो आकडा सगळ्यांत जास्त वेळा येतो तो धरायचा. नावं वीस आणि जेवणारे पाच. सगळ्यांत जास्त वेळा आलं होतं पूज्य. म्हणजे शास्त्राप्रमाणे चूलच पेटवायची नाही. आजवर निघालेल्या आकड्यांत तेवढा एकच खरा व्हायच्या बेतात आहे. नगरहून माझ्या मुलाचा निरोप आला, आई, पुरे कर, महिनाअखेर कुलूप लाव आणि इकडे ये. सून वाईट नाही. पण तिच्या घरात मला दुपारी झोपायला सांगतात, आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारतात, तुम्हाला अजून काही हवं का. जन्मभर दुसऱ्यांना वाढलेली बाई मी, तिथं मला कुणीतरी वाढणार. परातींवरून हात फिरवते आणि परत उतरंडीवर ठेवते. कुणाला देऊ त्या?

परवा मी याला विचारलं, अरे, एवढ्या मोठ्या शास्त्रात कानिफनाथ वेगळा आणि गहिनीनाथ वेगळा, हे कुठेच नाही का? तर म्हणाला, आहे. सरासरीनंतर लगेच पांगापांगीचा धडा असतो. आकडे एकमेकांपासून किती लांब पांगलेत ते बघायचं, फार पांगले असतील तर नुसत्या सरासरीवर विसंबायचं नाही. मग तू का नाही बघितलंस? तर तो धडा शिकवला तेव्हा स्वारी कॉलेजात नव्हती. कुठे होती? तुझ्या धाकट्याच्या लग्नात. लग्नाला एक दिवस पुरला असता. पण तू पत्रात तारीख चुकीची कळवलीस, पोरगा आठवडाभर आधी पोचला, आणि आलाच आहे तर मांडवाला हात लाव म्हणून तू त्याला ठेवून घेतलास. तेव्हा माझी खानावळ कुणाच्या विसरभोळेपणानं बसली, ते तूच ठरव. मी कुणाचं नाव घेत नाही.

छबूबाईला आणि लेकरांना आशीर्वाद. शाई याच्या बोटांना लागून संपत आली आहे, म्हणून अंगठा हळदीचा उठवला आहे.

तुझी थोरली,
राहीबाई

ता. क. भांडायला म्हणून पत्र घातलेलं नाही. तुमच्या साखर कारखान्यावर उसाच्या वजनकाट्यापाशी हिशोबाला माणूस लागतो असं ऐकते. याला तिथं चिकटव. उसाला भूक नसते. एका गाडीत जास्त भरला, दुसरीत कमी, मग कितीही सरासरी काढ, ऊस रुसून जात नाही. (लिहिणारा थांबला आहे. त्याला हे आत्ताच कळलं. लिही बाबा, तुझ्याच भल्याचं आहे.)

आणखी एक. वरचं तसंच राहू दे, पण काट्याची घाई करू नकोस. तेवढं लिहून हा उठून गेला, मला वाटलं रागावला. तो कालव्यावर गेला होता. कानिफनाथाला सांगून आला की तुमच्या पोटाचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं. कानिफनाथ पुढच्या सोमवारी येतो म्हणाला, सातही जणांना घेऊन. अट अशी की मोजणाऱ्यानं त्याच्या शेजारच्या पाटावर बसून जेवायचं, आणि पहिल्या दिवशी हुलग्याचे शेंगोळे. लंकाबाईला निरोप धाडला आहे. नगरला कळवलं आहे की माझाही गुडघा दुखतो, प्रवास झेपणार नाही. (दुखणं तुझंच उसनं घेतलं आहे.) आता घरात हुलगे नाहीत, आणि तुझ्या माळावरचे निघाले असतील. सोमवारच्या आत एसटीनं पाठव. किती पाठवू म्हणून उलट पत्र घालत बसू नकोस. पोतं घे, भर, आणि तोंड शिवायच्या आधी कानिफनाथाला आठवून आणखी दोन ओंजळी घाल.